अजिंठ्याचे हरीण पडद्यावर

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाला व्याख्यान ठेवावयाचे म्हणजे एक तर आरोग्यावर, नाही तर पाककृतींवर, असा आपल्याकडे रिवाज पडून गेला आहे. या वेळी चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो "मुले आणि कार्टून" असा. विषय देताना त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही इतकी वर्षे शाळेत चित्रकला शिकवलीत. आता एकदा स्पष्टच सांगा, हे कार्टून चांगले की वाईट?" प्रश्न अगदी घरोघरचा आहे. भाईंदरला काय किंवा मीरा रोडला काय, कोणत्याही इमारतीत संध्याकाळी डोकावून पाहावे. समोर मोबाईल उभा केल्याखेरीज नातवाच्या तोंडात घास जात नाही, आणि आई बिचारी सातच्या लोकलने दमून आलेली. तिने वाद तरी किती घालावा?

परंतु चांगले की वाईट, असा एका शब्दाचा निवाडा मी देणार नाही. कार्टून म्हणजे हाताने काढलेले, चालू लागलेले चित्र. चित्र जसे चांगले असते तसे वाईटही असते. म्हणून निवाडा देण्याऐवजी मी आज आपणांस एका जुन्या कार्टूनपटाची गोष्ट सांगणार आहे. हा कार्टूनपट आपल्या मुंबईत, मराठी आणि इतर भारतीय चित्रकारांच्या हातून तयार झाला, आणि त्यातली चित्रे अजिंठ्याच्या भिंतीवरून उतरली. त्याचे इंग्रजी नाव 'द बनियन डिअर'. आपण त्याला 'वडाचे हरीण' म्हणू.

आपल्यातल्या साठी उलटलेल्या भगिनींना फिल्म्स डिव्हिजन आठवत असेल. थिएटरात मुख्य चित्रपट सुरू होण्यापूर्वी सरकारी माहितीपट दाखवीत. पूर, धरणे, कुटुंबनियोजन, आणि ते चालू असताना लोक शेंगदाणे खात आत येत असत. ती संस्था १९४८ साली स्थापन झाली. २०२० साली सरकारने ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्याचे ठरविले आणि आता ती स्वतंत्र राहिलेली नाही. या फिल्म्स डिव्हिजनने १९५६ मध्ये कार्टूनपटांसाठी एक वेगळा विभाग काढला. शिकवावयास माणूस हवा, म्हणून अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्याच्या योजनेतून क्लेअर वीक्स नावाचे गृहस्थ मुंबईस आले. हे वॉल्ट डिस्नेच्या कारखान्यात वर्षानुवर्षे काम केलेले चित्रकार. आणखी एक गंमत म्हणजे त्यांचा जन्म भारतातलाच. त्यांचे आईवडील येथे मिशनरी होते.

त्यांच्या हाताखाली जी तरुण मंडळी तयार झाली त्यांत जी. के. गोखले होते, राम मोहन होते. आणि या मंडळींनी मिळून जो पहिला चित्रपट केला, तो १९५७ सालचा हा 'वडाचे हरीण'.

आता योगायोग पाहा. वीक्ससाहेबांनी डिस्नेकडे ज्या चित्रपटांवर काम केले होते, त्यांत 'बाम्बी' होता. 'बाम्बी' हा १९४२ सालचा, एका हरणाच्या पाडसाचा चित्रपट. आपल्या पुष्कळ मुलांनी तो पाहिलेला आहे. म्हणजे हरणे काढण्यात ज्यांचा हात बसलेला, असा शिक्षक आपल्या मुलांना मिळाला आणि पहिलाच विषय निघाला तोही हरणांचा! अशा वेळी सोपी वाट कोणती? गुरूने जसे हरीण काढले तसेच आपण काढावे. मोठाले डोळे, लांब पापण्या, घसरणारे पाय. लोकांना आवडलेले आहे, हातही तयार आहे. पण या मंडळींनी ती वाट धरली नाही. हरणे, राजा, झाडे, सगळ्यांची ठेवण त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून घेतली.

येथे डिस्नेवर दोष ठेवण्याचा माझा हेतू नाही. उलट 'बाम्बी'ची हकीकत ऐकली तर आपला आदर वाढेल. तेथील चित्रकारांना हरणाची हाडे, सांधे, चाल कळावी म्हणून कारखान्यात जिवंत पाडसे आणून ठेवली होती. आणि त्या चित्रपटातले अरण्य, ते धुक्यातले, पुसट, शांत अरण्य, ते ज्याच्या कल्पनेतून आले तो टायरस वाँग हा लहानपणी वडिलांबरोबर चीनमधून अमेरिकेस गेलेला चित्रकार. चीनमधील सुंग राजवटीच्या काळातली, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वीची निसर्गचित्रे त्याच्या मनात भरलेली होती. ती त्याने अमेरिकन चित्रपटात आणली. अर्थात डिस्नेच्या घरीसुद्धा जुन्या चित्रांचाच ठेवा कामास आला. मग आपल्या मंडळींनी आपल्या घरचा ठेवा उघडला यात नवल ते काय?

हा ठेवा कसला आहे, हे थोडे समजून घेऊ. अजिंठ्याची लेणी वाघूर नदीच्या नालाकृती खोऱ्यात आहेत. लहानमोठी मिळून तीस. त्यांतली सर्वांत जुनी चित्रे दोन हजार वर्षांमागची, तर बहुतेक प्रसिद्ध चित्रे इसवी सनाच्या पाचव्या शतकातली. १८१९ साली शिकारीस गेलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ती पडली, आणि १९८३ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

भिंत तयार करण्याची त्यांची रीत आपणा बायकांना चटकन समजेल, कारण ती सारवण्याच्या नात्यातली आहे. खडबडीत दगडावर प्रथम मातीचा गिलावा. त्यात भाताचा कोंडा, गवत, झाडांचे तंतू कालवलेले, म्हणजे तो तडकू नये. त्यावर चुन्याचा पातळ हात. गिलावा वाळला की गेरूने रेषा काढायची. मग रंग भरायचे: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरी. निळा तेवढा परक्या मुलुखातून येणाऱ्या लाजवर्दी दगडाचा. रंग भरून झाले की शेवटी पुन्हा एकदा गडद रेषेने आकार पक्का करायचा. रेषा, मग रंग, मग पुन्हा रेषा, असा हा क्रम आहे. अजिंठ्याचा सगळा जीव त्या शेवटच्या रेषेत आहे. एका वळणात खांदा येतो, त्याच वळणात लाज येते.

दुसरी गोष्ट. अजिंठ्याच्या भिंतीवर चौकटी नाहीत. गोष्ट एका कोपऱ्यात सुरू होते आणि मधल्या झाडामागून, दारामागून पुढच्या प्रसंगात जाते. तोच राजा येथे सिंहासनावर दिसतो आणि चार हातांवर पुन्हा घोड्यावर दिसतो. पाहणाराने चालत राहायचे, म्हणजे गोष्ट चालते. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर तर दगडात चार हरणे कोरली आहेत आणि चौघांत मिळून डोके एकच. कोणत्याही एका हरणाकडे पाहा, ते डोके त्याचेच वाटते. चारही देहांवरून नजर फिरवली की एकच हरीण हलल्याचा भास होतो. सिनेमा निघण्यापूर्वी चौदा-पंधराशे वर्षे कोणा पाथरवटाच्या मनात हा खेळ आला होता!

आता कार्टूनपट कसा करीत, तेही सांगते. म्हणजे दोन्ही कामांचे नाते कळेल. पडद्यावर एका सेकंदात २४ चित्रे सरकतात. एका मिनिटाला १,४४० झाली, दहा मिनिटांच्या चित्रपटाला १४,४००. एकेक चित्र दोनदा टिपले तरी ७,२०० चित्रे हाताने काढावी लागतात. प्रथम कागदावर पेन्सिलीने हालचाल काढायची. ती पारदर्शक पत्र्यावर शाईने गिरवायची. पत्रा उलटा करून मागच्या बाजूने रंग भरायचा. मग रंगवलेल्या देखाव्यावर तो पत्रा ठेवून वरून कॅमेऱ्याने एक चित्र टिपायचे. पत्रा काढायचा, दुसरा ठेवायचा. रेषा आणि रंग, आणि पुन्हा रेषा आणि रंग. काम अजिंठ्याच्याच घराण्यातले, फक्त भिंत हजारो तुकड्यांत वाटलेली.

डिस्नेच्या जुन्या चित्रपटांत ही गिरवण्याची आणि रंग भरण्याची कामे प्रामुख्याने बायकाच करीत. १९३७ सालच्या 'स्नो व्हाइट'च्या वेळी तर त्यांचा मोठा विभागच होता. बारीक ब्रशने, श्वास रोखून रेषा ओढायची, आणि पडद्यावर नावसुद्धा यायचे नाही. हे ऐकून येथे बसलेल्या पुष्कळ जणींना स्वतःच्या घरातल्या कामांची आठवण झाली असेल, असे मला वाटते.

अजिंठ्याची आकृती चालवावयाची म्हणजे गंमत नव्हे. भिंतीवरच्या राजाच्या गळ्यात मोत्यांचे सर आहेत, दंडावर केयूर आहेत, मुकुटावर नक्षी आहे. भिंतीवर ते एकदा काढायचे. पडद्यावर राजाने नुसता हात वर केला तरी प्रत्येक मोती प्रत्येक चित्रात पुन्हा काढायचा. मग ठरवावे लागते की काय ठेवायचे आणि काय सोडायचे. मोती किती कमी केले तरी राजा अजिंठ्याचाच वाटेल? डोळ्याचा कोन, कमरेचा बाक, बोटांची मुद्रा यांतले काय गेले तर तो परका होईल? असे प्रश्न ज्याला पडतात तोच चित्र खरे पाहतो. नुसती सहल करून, फोटो काढून हे कळत नाही. परदेशातून आलेली विद्या या प्रश्नांतूनच आपली झाली.

आता त्या चित्रपटाची गोष्ट. ती जातककथांतली आहे, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांपैकी. काशीच्या राजाला शिकारीचे व्यसन होते. रोज त्याच्यामागे कामधंदा सोडून धावावे लागते म्हणून लोक कंटाळले, आणि त्यांनी रानातली हरणे हाकून राजाच्या बागेत कोंडली. हरणांचे दोन कळप होते. एकाचा नायक वडाचे हरीण, दुसऱ्याचा फांदीचे हरीण. दोघेही सोन्याच्या अंगाचे, म्हणून राजाने त्या दोघांना अभय दिले. बाकीची मात्र बाण सुटले की भेदरून पळत आणि एकाच्या जागी दहा जखमी होत. तेव्हा दोघा नायकांनी ठरवले की पाळी लावू. एक दिवस या कळपातले एक, दुसऱ्या दिवशी त्या कळपातले एक आपण होऊन जाईल.

एके दिवशी फांदीच्या कळपातल्या एका गाभण हरिणीवर पाळी आली. ती आपल्या नायकाकडे गेली आणि म्हणाली, माझी पाळी मी चुकवीत नाही, पण पोटातले जन्माला येईपर्यंत थांबा. मग आम्ही दोघे आपापल्या पाळीला जाऊ. एका पाळीला दोन जीव नको. नायकाने सांगितले, नियम तो नियम. ती रडत वडाच्या हरणाकडे आली. त्याने तिला परत पाठवले आणि स्वतः जाऊन ओंड्यावर मान ठेवली. आचाऱ्याने ओळखले की हे तर अभय दिलेले हरीण, आणि त्याने राजाला बोलावले. राजाने सारे ऐकले आणि दोघांना जीवदान दिले. तेव्हा वडाच्या हरणाने विचारले, बाकीच्यांचे काय? राजाने बागेतल्या सगळ्यांना सोडले. पुन्हा तेच विचारणे, बाहेरच्यांचे काय? असे करीत रानातली हरणे, चार पायांची जनावरे, पाखरे, पाण्यातले मासे, सगळ्यांना अभय मिळाले.

भगिनींनो, मी ही गोष्ट वर्गात पुष्कळदा सांगितली. मुलांना वडाचे हरीण आवडते; साहजिक आहे, तो नायक. मला मात्र त्या हरिणीचे मोठे वाटते. ती कळपात खाली मान घालून बसली असती तर गोष्टच झाली नसती. तिने दया मागितली नाही. तिने हिशेब मांडला: एका पाळीला एक जीव, दोन नव्हे. नियम करणाऱ्यांच्या ध्यानात जे आले नव्हते ते तिने बोलून दाखवले. आपले महिला मंडळ तरी दुसरे काय करते? नळाला पाणी किती वाजता येते आणि त्या वेळी घरात कोण असते, हे नगरपालिकेला आणि २००२ पासून महानगरपालिकेला जाऊन सांगावे लागले, ते आपल्यासारख्या बायकांनीच ना?

असो. आता माझ्या विषयाच्या गाभ्याकडे येते.

अजिंठ्याची चित्रे जपावीत म्हणून दोनशे वर्षांत पुष्कळांनी धडपड केली. १८४४ पासून रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने वर्षानुवर्षे तेथे राहून मोठमोठ्या नकला केल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या, आणि १८६६ साली तेथे आग लागून बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्यास जात राहिले. पेस्तनजी बोमनजींसारखे चित्रकार त्यांत होते. त्या नकलाही लंडनला गेल्या आणि त्यांतल्या अनेक १८८५ च्या आगीत सापडल्या. शिवाय चित्रे उजळ दिसावीत म्हणून त्या काळी भिंतीला जे रोगण फासले, त्याने मूळ चित्रांचेच नुकसान झाले. पुढे १९०९ ते १९११ च्या दोन हिवाळ्यांत क्रिस्तियाना हेरिंगहॅम ही इंग्रज चित्रकर्ती अजिंठ्यास मुक्काम करून राहिली. जुन्या इटालियन चित्रतंत्राचा तिचा अभ्यास होता. तिच्याबरोबर बंगालचे तरुण नंदलाल बोस होते. पुढे नंदलालबाबूंच्या साऱ्या कलेला त्या मुक्कामाने वळण लावले.

यावरून मला एक गोष्ट दिसते. लंडनला पाठवलेल्या नकला जळाल्या. भिंतीला लावलेले रोगण बाधले. पण ज्यांनी तेथे बसून हाताने काढले, त्यांच्या हातात जे गेले ते जळाले नाही. ते पुढच्या चित्रांत आले, शिष्यांत आले, आणि १९५७ साली एका हरणाच्या रूपाने पडद्यावर चालू लागले. जुने चित्र कुलपात ठेवून जपता येते, आणि जपलेच पाहिजे. परंतु ते जिवंत राहते ते पुन्हा काढल्याने.

हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. उंबऱ्यावरची रांगोळी आपण रोज काढतो आणि रोज पुसतो. माझ्या आजीच्या हातची एकही रांगोळी कोठे ठेवलेली नाही, पण तिचे गोपद्म माझ्या हातात आहे. आपल्या ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतल्या वारली सवाशिणी लग्नघरी भिंतीवर चौक काढतात, तोही दर लग्नाला नव्याने. लग्न झाले की त्या भिंतीचे काय होईल याची चिंता त्या करीत नाहीत. पुढच्या लग्नाला हात तयार आहेत.

'वडाचे हरीण' एकटे राहिले असते तर मी एवढे बोलले नसते. त्या विभागात तयार झालेले राम मोहन पुढे आपल्या देशातल्या कार्टूनपटांचे गुरू ठरले. १९९० नंतरच्या काळात युनिसेफसाठी 'मीना' ही मालिका झाली, त्यातल्या मीनाला रूप दिले ते राम मोहन यांनी. आठवते ना ती मुलगी, खांद्याशी मिठू पोपट? आंब्याची मोठी फोड भावाला आणि लहान तिला, असे का, म्हणून ती विचारते, आणि मग भाऊबहीण एक दिवस कामांची अदलाबदल करतात. मला तर ही मीना त्या हरिणीचीच धाकटी बहीण वाटते. तीही हिशेबच मागते. राम मोहन यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली. २०१९ मध्ये ते गेले.

शेजारच्या चीनमध्येही असाच प्रयोग झाला. ची पाय-शी नावाचे थोर चित्रकार १९५७ साली वारले. शाईच्या दोन फटकाऱ्यांत ते झिंगे, बेडूक, कोंबडीची पिले काढीत. १९६० साली शांघायच्या चित्रकारांनी त्यांच्याच चित्रांच्या वळणावर एक लहानसा चित्रपट केला. बेडकाची पिले आईला शोधत निघतात आणि माशाला, खेकड्याला, कासवाला आई समजतात, एवढीच गोष्ट. पण शाई पाण्यात पसरावी तशी ती पिले पडद्यावर पोहतात. भाषा कळली नाही तरी तीन वर्षांच्या मुलाला तो समजतो.

आणि आपल्या मुंबईतले अलीकडचे उदाहरण एका बाईचे आहे. गीतांजली राव जे. जे.च्या उपयोजित कला महाविद्यालयात शिकल्या. २००६ साली त्यांनी 'प्रिंटेड रेनबो' हा सुमारे १५ मिनिटांचा चित्रपट केला, तोही जवळजवळ एकहाती, एकेक चित्र रंगवून. एक म्हातारी आणि तिचे मांजर शहरातल्या करड्या घरात राहतात. तिच्याकडे आगपेट्यांचा संग्रह आहे. एकेका आगपेटीवरच्या चित्रात ती शिरते आणि रंगांच्या राज्यात फिरून येते. कान येथील महोत्सवातल्या समीक्षक-सप्ताहात त्याला तीन पारितोषिके मिळाली. पुढे २०१९ च्या त्यांच्या 'बॉम्बे रोज' या मोठ्या चित्रपटात मोगल लघुचित्रांच्या वळणाचे देखावेही आले आहेत. दादासाहेब फाळके जे. जे.चेच विद्यार्थी, त्यांनी १९१५ साली आगकाड्या पडद्यावर नाचवल्या होत्या, तो 'आगकाड्यांची मौज'. शंभर वर्षांत आपण आगकाडीवरून आगपेटीपर्यंत आलो म्हणायचे!

ती म्हातारी मला फार जवळची वाटते. आपल्या शहरात सहाव्या, आठव्या मजल्यावर अशा किती जणी आहेत! मुलगा-सून पहाटे गाडी पकडतात ती रात्री येतात. दिवसभर खिडकी, दूरदर्शनचा आवाज आणि दुपारचा चहा. त्यांच्या जवळ आगपेटीएवढे तरी चित्र असावे, आणि ते कोणाला तरी दाखवता यावे, एवढे मंडळ नक्की करू शकते.

म्हणून शेवटी मंडळापुढे तीन सूचना ठेवते.

पहिली, महिन्यातून एक शनिवार मुलांसाठी राखावा. चिटणीसबाईंनी मोबाईलचा निवाडा विचारला होता, त्याचे माझे उत्तर हे आहे. मुलाच्या हातून मोबाईल ओढून घेऊ नका. त्याच्या शेजारी बसून एक चांगला लघुपट पाहा, आणि तो संपताच हातात पेन्सिल द्या. जुन्या वहीच्या कोपऱ्यात, शेवटच्या पानापासून मागे येत, चोवीस पानांवर चोवीस हरणे काढायला सांगा. प्रत्येक पानावर पाय थोडासा पुढे. मग अंगठ्याने पाने फरफर सोडायची. हरीण धावते. चोवीस पानांचे ते एका सेकंदाचे हरीण एकदा काढले, की पडद्यावरच्या प्रत्येक सेकंदात किती हातांचे कष्ट आहेत हे त्या मुलाला आयुष्यभर कळेल. आणि हरणे काढायला बसवायचे ते आठव्या मजल्यावरच्या आजीच्या शेजारी. आजीने एक पान काढावे, नातवाने एक.

दुसरी, यंदाची सहल. जलविहाराच्या बागेला माझी हरकत नाही, दोन वर्षे आपण जाऊन आलो. पण आपल्या शहराला लागूनच राष्ट्रीय उद्यानाचे रान आहे, आणि बोरिवलीच्या बाजूने आत गेले की कान्हेरीची शंभरावर लेणी. तेथील चौतिसाव्या लेण्याच्या छतावर बुद्धाचे अर्धवट राहिलेले चित्र अजून पुसट दिसते. वाटेत चितळांचा कळप दिसला तर मुलांना थांबवून दाखवा, मान कशी वळते, कान कसा हलतो. पेडर रोडवर, फिल्म्स डिव्हिजनच्याच आवारात, २०१९ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उघडले. ग्रँट रोडला उतरून जाता येते. निघण्यापूर्वी वेळ विचारून घ्यावी.

तिसरी, अजिंठा. जळगावपर्यंत रेल्वे, पुढे सुमारे ६० किलोमीटर एस.टी. दोन दिवसांची सवड आणि थोडी बचत लागेल. भिशी लावणाऱ्या मंडळाला ते अवघड नाही. तेथे गेलात तर एक करा. आत अंधार असतो, माणसे घाईत असतात, मार्गदर्शक पुढे चला म्हणतो. तरी एका चित्रापुढे पाच मिनिटे उभ्या राहा, आणि बाहेर आल्यावर दगडावर बसून वहीत एक रेषा काढून पाहा. एखादा हात, एखादी मान. कशी आली याची लाज धरू नका. दीड हजार वर्षांपूर्वी ज्याने ती काढली त्यालाही कोणीतरी पहिल्यांदा हात धरूनच शिकवले असेल.

 पहिल्या शनिवारी येताना प्रत्येकीने घरातली एक जुनी वही आणि दोन पेन्सिली आणाव्यात, इतकी विनंती करून मी आपली रजा घेते.